बासष्ट पायऱ्यांची टाकी

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता बारा माणसं येतात, आपल्या आठ महिन्यांच्या कामावरून बुटांनी धावतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि जाताना त्याच कामाला दहापैकी मार्क देऊन जातात, हे काकांना मनातून कधीच मान्य झालं नव्हतं. वरून मात्र ते हसतमुखाने फॉर्म वाटत आणि बारा पेन्सिलींना स्वतः टोक काढून ठेवत. आपल्यालाच टोचायच्या पेन्सिलींना आपणच टोक काढणारा माणूस एकतर साधू असतो, नाहीतर नोकरदार. काका नोकरदार होते.

काका म्हणजे काही म्हातारे नव्हेत. वय बेचाळीस. पण कंप्युटरवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत बेचाळीस म्हणजे जवळजवळ पेन्शनीतच जमा. बाकी सगळी मंडळी पंचविशीच्या आगेमागे. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी "काका, जरा सरकता का" म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या वरिष्ठ बाई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान होत्या, त्याही त्यांना काकाच म्हणत. त्या बाईंना सगळं ऑफिस पाठीमागे हेडमास्तरीण म्हणे, त्यामुळे फिट्टंफाट होत असे.

काकांचं काम मॅप बनवायचं. मॅप म्हणजे भिंतीवर लावायचा नकाशा नव्हे. ज्या जागेत खेळ चालतो ती आख्खी जागा: गल्ल्या, दारं, जिने, लपायचे कोपरे. खेळ साधाच होता. सहा विरुद्ध सहा. एका टीमने गोदाम राखायचं, दुसरीने दहा मिनिटांत ते घ्यायचं. मेलेला माणूस पंधरा सेकंदांनी पुन्हा जिवंत होतो, ही एवढी सोय सोडली तर बाकी सगळं जगासारखंच.

या वेळी कंपनीत तीन मॅप तयार होत होते आणि गेममध्ये जाणार होते दोन. हेडमास्तरीणबाईंनी नियम घालून दिला होता. महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ज्याला सरासरी निदान सात मार्क, तो मॅप आत, बाकीचा कपाटात. काकांचे याआधीचे दोन मॅप कपाटातच गेले होते. सहा वर्षांत त्यांनी बांधलेल्या एकाही गल्लीतून बाहेरचं कोणी चाललं नव्हतं. हाही गेला तर पुढे काय, ते बाईंनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं: मग काकांनी इतरांच्या मॅपमध्ये खोकी रचायची. लाकडी खोकी, पत्र्याची खोकी, आडवी, उभी. "तुमचा हात चांगला आहे खोक्यांत," असंही त्या म्हणाल्या होत्या.

आणि या मॅपात एक गोष्ट अशी होती जी काकांना कपाटात जाऊ द्यायची नव्हती.

मॅप होता एका ओस पडलेल्या वसाहतीचा. एका टोकाला गोदाम, दुसऱ्या टोकाला बंद पडलेली शाळा, मध्ये मोठं अंगण आणि अंगणाच्या कडेला पाण्याची टाकी. चार लोखंडी पायांवर उभी, गंजक्या कठड्याची, बासष्ट पायऱ्यांची. खालून तिसरी पायरी नाहीच. काकांनी टाकी आधी बांधली आणि मग तिच्याभोवती वसाहत वसवली. तिसरी पायरी का नाही, असं एकदा कोणीतरी विचारलं, तेव्हा "खरं वाटावं म्हणून" एवढंच ते म्हणाले. वास्तविक त्यांच्या लहानपणीच्या घरामागे अशीच टाकी होती. दहा वर्षांचे असताना चपला ताईच्या हातात देऊन ते तिच्यावर चढायचे आणि वरून सगळं गाव बघायचे. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. ती खाली उभी राहून पहारा द्यायची. पुढे ती टाकी पाडली. तिचा एक फोटोसुद्धा कोणाकडे नव्हता. काकांनी ती आठवणीतून, पायरी पायरी करून, पुन्हा उभी केली होती. आता जगात ती तेवढीच उरली होती.

पहिल्या गुरुवारी मार्क पडले ५.८.

फॉर्म घेऊन काका जागेवर बसले. एक जण नेहमी दोन पानं, कलमं घालून लिहीत असे. त्याला सगळे वकील म्हणत. वकिलाचं म्हणणं, गोदामाचं दार अरुंद आहे, तिथे चेंगराचेंगरी होते, रुंद करावं. रिसेप्शनवरच्या मुलीने लिहिलं होतं, डावीकडची वाट फार लांब, चालूनच जीव जातो. गेमला आवाज देणाऱ्या साउंडवाल्याला अंगणात अंधार वाटला होता. एका गोष्टीवर मात्र बाराही जणांचं एकमत होतं. टाकी भारी. गरुड नावाने खेळणाऱ्या एका लांबट पोराने तर फॉर्मवर तेवढंच लिहिलं होतं, "टाकी भारी. काही बदलू नका." हा गरुड दर मॅचला सुरुवातीलाच टाकीवर जाऊन बसे आणि मॅच संपेपर्यंत तिथून एकेकाला टिपत असे. काकांना तो फार गुणी मुलगा वाटे.

काकांनी एक जाड वही घातली होती. तिच्यात त्यांनी सगळ्या तक्रारी सुवाच्य अक्षरात उतरवल्या आणि आठवडाभर खपून एकेक निस्तरली. दार रुंद केलं, डावी वाट आखूड केली, अंगणात चार दिवे लावले. दुसऱ्या गुरुवारी मार्क पडले ६.१, आणि फॉर्मवर लिहून आलं की दार इतकं रुंद आहे की राखता येत नाही, डावी वाट इतकी आखूड की शत्रू थेट अंगावर येतो, आणि दिवे डोळ्यांवर येतात. व्यक्ती तितक्या प्रकृती हे काकांना ठाऊक होतं. पण इथे त्याच व्यक्ती होत्या आणि दर आठवड्याला नव्या प्रकृती घेऊन येत होत्या. टाकी अर्थातच भारी होती.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं शहाणी माणसं सांगून गेली आहेत. काका नेमकं उलट करत होते. जनाचं करत होते आणि टाकीपुरतं मनाचं ऐकत होते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एकूण चौदा बदल केले. चौदा! दार मध्यम झालं, वाट मध्यम झाली, दिव्यांची तोंडं फिरली, शाळेला मागचा दरवाजा आला. गुरुवारी तीनला टेस्ट सुरू झाली, साडेचारला संपली आणि मार्क पडले ६.९. काकांनी तीनदा बेरीज केली. फॉर्म तर वाचताना डोळे निवावेत असे होते. डावी वाट आता अगदी बेताची झाली. उजेड वाढवल्याबद्दल धन्यवाद. शाळेच्या मागच्या दरवाजाची कल्पना उत्तम. एकटा वकील नाराज होता. दार मध्यम केल्याने खेळाचा आत्मा गेला, असं त्याचं तिसरं कलम होतं. हेडमास्तरीणबाई स्वतः काकांच्या टेबलापाशी आल्या आणि एक दशांश राहिला म्हणाल्या. काका त्या दिवशी घरी जाताना जिने उतरले ते दोन-दोन पायऱ्या सोडून.

शुक्रवारी सकाळी त्यांनी फाइल उघडली आणि तिचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

काकांची एक जुनी खोड होती. मॅप संपला की ते फाइलला "शेवटचा" असं नाव देत. मग काहीतरी राहिलेलं आठवे, तेव्हा "अगदी शेवटचा". मग "आता खरंच शेवटचा". टेस्टच्या मशीनवर काल चढलेली फाइल होती "अगदी शेवटचा". चौदा बदल होते ते "आता खरंच शेवटचा"मध्ये. म्हणजे काल बारा माणसं मागच्याच आठवड्याचा मॅप खेळली होती. डावी वाट तसूभरही हलली नव्हती. दिवे होते तिथेच होते आणि तितकेच डोळ्यांवर येत होते. शाळेला मागे दरवाजाच नव्हता. तरी त्याची कल्पना उत्तम होती. मुलांचा तरी काय दोष? टेस्टच्या आधी काकांनीच चौदा बदलांची यादी मोठ्याने वाचून दाखवली होती.

दुपारपर्यंत काका ती चौदा बदलांची यादीच पुन्हा पुन्हा वाचत बसले. एक दशांश राहिला होता. पुढच्या गुरुवारी नुसती यादी अजून थोडी रंगवून वाचली तरी सातच्या वर जाता आलं असतं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. हे इतकं स्वच्छ दिसल्याचीच त्यांना लाज वाटली. डबा उचलून ते ताईच्या दुकानात गेले.

ताईचं शिवणकामाचं दुकान ऑफिसच्या मागच्या गल्लीत होतं. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि कोपऱ्यात एक स्टूल. सहा वर्षं काका दुपारी त्या स्टुलावर बसून जेवत आले होते. ताई एका गृहस्थांना कोट घालून बघत होती. गृहस्थ आरशात बघत म्हणाले की खांद्यात घट्ट होतोय, खांदा उसवून अर्धा इंच सोडा. ताईने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तिने आधी त्यांना आरशाकडे पाठ करून उभं केलं. मग म्हणाली, हात वर करा. आता वरच्या फळीवरचं काहीतरी काढताय असं करा. आता वाका, बुटाची नाडी बांधा. गृहस्थ निमूटपणे नसलेल्या फळीवरचं नसलेलं काहीतरी काढत होते आणि ताई त्यांच्या तोंडाकडे न बघता कापडाकडे बघत होती. शेवटी तिने काखेपाशी दोन टाचण्या लावल्या. खांद्याला हातही लावला नाही.

गृहस्थ गेल्यावर काकांनी विचारलं, तो खांदा म्हणत होता ना?

"त्याला कुठे टोचतंय ते त्याला बरोबर कळतं," ताई म्हणाली. "का टोचतंय ते कळलं असतं तर त्यानेच नसता का शिवला? आणि आरशासमोर विचारू नये माणसाला. आरशात तो कोट बघत नाही, स्वतःला बघतो."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. सहा वर्षं त्याच स्टुलावर बसून ते हे बघत होते आणि डब्यातली भाजी चांगली झालीय की नाही याचाच विचार करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. घरी बसून विचार केला असता तर कदाचित हिंमत गेली असती, म्हणून ते तिथून तडक हेडमास्तरीणबाईंकडे गेले आणि गुरुवारी जुनाच मॅप चढला होता हे सांगून मोकळे झाले.

बाईंनी फॉर्म पुन्हा चाळले. मग चष्मा काढला. मग पुन्हा लावला.

"मग हे उजेड वाढवल्याबद्दल धन्यवाद?"

"ते माझ्या बोलण्याला आहेत," काका म्हणाले. "मॅपला नाहीत."

६.९ रद्द झाले. काका पुन्हा ६.१ वर आले आणि हातात एकच गुरुवार उरला. मात्र त्यांनी मागितलेली एक जादा टेस्ट बाईंनी सोमवारी दिली. बिनफॉर्मची. असं इथे कधी झालं नव्हतं, पण खरं बोलणाऱ्या माणसाला निदान एक सोमवार तरी द्यावा असं त्यांना वाटलं असावं.

सोमवारी काकांनी बदलांची यादी वाचली नाही. पेन्सिली वाटल्या नाहीत. मॅपचा मोठा कागद फळीवर लावून हातात लाल पेन्सिल घेतली आणि खेळणाऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभे राहिले. कोण कुठून कुठे जातो, तेवढीच रेघ ओढायची. मुलांना ते जड गेलं. रिसेप्शनवरची मुलगी मध्येच मान वळवून म्हणाली की काका, ही वाट अजून लांबच वाटते. काका म्हणाले, चाल. वकील म्हणाला, लेखी कुठे द्यायचं? काका म्हणाले, देऊ नकोस.

चार मॅच झाल्या. कागद लालेलाल झाला. फक्त मधलं अंगण कोरं होतं. नावडती भाजी ताटात जशीच्या तशी राहावी आणि बाकी सगळं चाटूनपुसून खाल्लेलं असावं, तसं ते दिसत होतं. अंगणातून सरळ गेलं तर गोदाम वीस पावलांवर होतं. पण एकही जण तिथून जात नव्हता. शाळेच्या दारातून बाहेर पडला की प्रत्येक जण आधी मान वर करून टाकीकडे बघे. वर गरुड असे. मग तो माणूस मुकाट्याने डावी वाट धरे. सगळेच डावी वाट धरत, म्हणून ती लांब वाटे. ती वाट गोदामाच्या ज्या दारापाशी निघे, तेवढं एकच दार टाकीवरून दिसत नव्हतं. म्हणून तिथे चेंगराचेंगरी. आणि अंगणात अंधार होता, कारण टाकीची सावली अख्ख्या अंगणावर पडत होती, आणि काकांनी तिच्याखाली दिवे लावले होते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

काकांना हे दिसलं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. पण आपला तो बाब्या. मंगळवारभर गरुडाला आणि आणखी दोघांना खेळायला बसवून त्यांनी टाकीचा वकील होऊन बघितलं. कठडा उंच केला. गरुड कठड्याच्या गजांतून टिपू लागला. जिना डगमगता केला, म्हणजे चढायला वेळ लागेल. गरुड वेळ काढून चढला, त्याला कुठे घाई होती. मग काकांच्या मनात आलं की दोष गरुडाचाच आहे, त्यालाच टेस्टला बोलावू नये. हा विचार त्यांनी अर्धा तास गंभीरपणे केला, हे इथे नमूद केलंच पाहिजे.

बुधवारी दुपारी ते लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. ताईला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी नुसतं अंगण उघडून समोर ठेवलं.

ताई काजं करत होती. तिने मान वर केली आणि सुई तशीच धरून राहिली. मग खुर्ची ओढून जवळ आली.

"ही आपली टाकी आहे," ती म्हणाली. मग पडद्यावर बोट ठेवून खालून मोजलं. "तिसरी पायरी नाही. बरोबर. तिथून तू पडला होतास आणि मार मी खाल्ला होता."

काका खुश झाले. त्यांनी तिला जिन्याने वर नेलं, बासष्ट पायऱ्या, वरून शाळा दाखवली, गोदाम दाखवलं, लांबचे डोंगर दाखवले. ताई बघत होती. पण तिची नजर सारखी खाली जात होती.

"अंगणात अंधारच केलायस," ती म्हणाली. "होताच म्हणा. त्या टाकीमुळे आपल्या अंगणात कधी ऊन आलं नाही. आईच्या लुगड्याचे पदर ओले, तुझी चड्डी ओली, माझा शाळेचा झगा तर कायम दमट. वर्गात माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही, वास येतो म्हणून. तुला वरून सगळं दिसायचं रे. मला खालून नुसती टाकी दिसायची."

हे ती रागाने म्हणाली नाही. काजाचा धागा तोडावा तसं म्हणून मोकळी झाली आणि पुन्हा कामाला लागली. काकांनी लॅपटॉप मिटला. तीस-बत्तीस वर्षं त्या टाकीवरून दिसणारं सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि आपल्या चपला धरून खाली सावलीत कोण उभं होतं ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. ऑफिसात परत येऊन त्यांनी टाकी निवडली आणि पुसून टाकली. बासष्ट पायऱ्या उभारायला तीन आठवडे लागले होते, जायला एक बटण पुरलं. मग त्यांनी दिवे काढले, डावी वाट मुळात होती तेवढी लांब केली, दार मुळात होतं तेवढं अरुंद केलं, आणि डोळे पुसून फाइलला नाव दिलं "शेवटचा".

चौथ्या गुरुवारी बारा माणसं अंगणातून धावली. ओरडली, मेली, पुन्हा जिवंत झाली, पुन्हा अंगणातून धावली. मार्क पडले ८.२. गरुडाने चार दिले आणि कारण दिलं नाही, तरीसुद्धा ८.२. फॉर्मवर रिसेप्शनवरच्या मुलीने लिहिलं होतं, डावी वाट शेवटी आखूड केलीत, थँक्यू काका. वकिलाला दार पुरेसं रुंद झाल्याचं समाधान होतं. साउंडवाल्याने विचारलं होतं, दिवे कुठले वापरलेत? टाकी गेली, हे गरुड सोडून एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. तीन आठवडे बाराही जणांनी तिला भारी म्हटलं होतं.

हेडमास्तरीणबाईंनी विचारलं की नेमकं काय केलंत. काका म्हणाले, अंगणात ऊन आणलं. बाईंनी ते डायरीत लिहून घेतलं आणि बाकीच्या दोन मॅपवाल्यांनाही ऊन आणायला सांगितलं. त्यातला एक मॅप भुयाराचा होता.

मॅप आत गेला. खोक्यांचं संकट टळलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा लॅपटॉप घेऊन ताईकडे गेले. ही बातमी तिला सगळ्यात आधी सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं. अंगण उघडलं. कोवळं ऊन, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एका दोरीवर त्यांनी एक शाळेचा झगाही वाळत घातला होता, निळा. तो कोणाच्या नजरेत येणार नव्हता, पण घातला होता.

ताईने झगा बघितला. ऊन बघितलं. मग पडदा या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला.

"टाकी कुठे गेली?"

"काढली. तूच म्हणालीस ना, ऊन येत नाही."

"ऊन येत नाही म्हणाले," ताई म्हणाली. "टाकी पाड असं कधी म्हणाले? खरी पाडली ती पाडली. निदान तुझ्याकडे तरी होती."

ती मशिनीवर जाऊन बसली. पण मशीन चालू झाली नाही. आरशापाशी गेल्या आठवड्यातला तो कोट तयार होऊन टांगला होता. खांदा जसाच्या तसा, काखेतली शिवण तेवढी नवी. काका त्याच्याकडे बघत उभे राहिले. जे बारा परक्या माणसांच्या बाबतीत सोमवारी कळलं, ते सख्ख्या बहिणीच्या बाबतीत बुधवारी विसरले होते. तिने टोचतंय कुठे ते सांगितलं, आणि यांनी कात्री घेऊन बाहीच उतरवली होती.

पुढच्या सोमवारी त्यांनी जुन्या फाइलवरून टाकी पुन्हा बांधली. या वेळी कुंपणाबाहेर, गोदामाच्या पलीकडे, जिथून तिची सावली अंगणापर्यंत पोहोचणार नाही आणि जिथवर कोणाला जाताही येणार नाही. लांबून नुसती दिसेल. दुरून दिसणाऱ्या गोष्टीला पायऱ्या कशाला, एक चित्र चिकटवलं तरी चालतं, असं हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. काका हो म्हणाले आणि बासष्टच्या बासष्ट पायऱ्या घातल्या, खालून तिसरी सोडून. ताईला नेऊन दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाली की आता बरोबर बसलं. काकांना वाटलं, आठ महिन्यांत खरा मार्क आज पडला.

गेम बाहेर जाण्याआधीची अखेरची टेस्ट त्याच आठवड्यातल्या गुरुवारी झाली. काकांनी सवयीने बारा पेन्सिलींना टोक काढलं. मार्क ८.४. बाराही फॉर्मवर बाकी सगळं वेगवेगळं होतं, पण एक तक्रार अकरा जणांची सारखी होती. ती मागची टाकी नुसती दिसते, तिच्यावर चढता आलं पाहिजे. बारावा फॉर्म गरुडाचा. त्याने लिहिलं काहीच नव्हतं. कुंपणात दार कुठे पाडता येईल त्याचं चित्र काढून दिलं होतं.

काकांनी वही उघडली आणि बाराही तक्रारी सुवाच्य अक्षरात उतरवल्या. मुलांना कुठे टोचतंय ते त्यांना अगदी बरोबर समजलं. त्यांनाही तिथेच टोचत होतं. त्यांनी वही मिटली आणि पेन्सिली गोळा करून डब्यात ठेवल्या.